दुसरा तारा निग्लेक्ट करा

भूकंप होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, तरी लातुरात पोराचं नाव क्लासला घालायला आलेला पालक फी विचारायच्या आधी मान वर करून छत बघायचा. सिद्रामप्पांनी ही गोष्ट सगळ्यांत आधी हेरली. त्यांची डाळमिल बंद पडली होती, मिलचं गोदाम मोकळं होतं आणि गोदामावर पत्रा होता. त्यांनी तुरीची पोती हलवली, बाकं घातली आणि जाहिरातीत छापलं : अनुभवी प्राध्यापक, भरपूर उजेड, पत्र्याचे हलके छत. पहिल्याच वर्षी गोदाम भरलं. पोरांच्या वह्यांवर अधूनमधून वरून तुरीचा भुसा पडायचा, पण त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

वाजिद सर तिथं फिजिक्स शिकवायचे. मूळचे नांदेडचे. तिथं इतवाऱ्यात त्यांच्या घरचं अत्तराचं दुकान होतं, आजोबांपासूनचं. वाजिदना लहानपणापासून अत्तराने शिंका यायच्या, म्हणून घरच्यांनी त्यांना शिकू दिलं. आठवडाभर लातूर, शनिवारी संध्याकाळी एसटी धरून नांदेड, सोमवारी पहिल्या गाडीने परत, असं त्यांचं चाललं होतं. त्यांची बायको वहिदा म्हणायची, तुम्ही आलात की पाहुणा आल्यासारखं वाटतं, चांगली बशी काढावी लागते. बशी खरोखरच चांगली असायची.

त्या वर्षी एप्रिलमध्ये बारावीचा गुरुत्वाकर्षणाचा धडा संपला आणि टेस्ट लागली. या टेस्टवर पोरांची ए आणि बी अशी वाटणी व्हायची होती. वाजिद सर इतकी वर्षं एकच प्रश्न घालत आले होते : एक उपग्रह पृथ्वीभोवती फिरतो आहे, त्याचा वेग काढा. त्या उपग्रहाचा त्यांना मनापासून कंटाळा आला होता. नांदेडला वाचनालयात त्यांनी एका मासिकात वाचलं होतं, की स्वातीच्या ताऱ्याजवळ, भूतप नावाच्या तारकासमूहात, ‘ताऊ’ म्हणून एक तारा आहे. त्याच्याभोवती गुरूच्या चौपट वजनाचा एक ग्रह फिरतो. आपला गुरू सूर्याला एक फेरी मारायला बारा वर्षं घेतो, हा सव्वातीन दिवसांत फेरी पुरी करतो, इतका तो ताऱ्याला खेटून आहे. शिवाय तो तारा एकटा नाही. लांबवर त्याचा एक जोडीदार आहे, लहानसा, तांबडा, मंद. दोघं एकमेकांना धरून आहेत. हे वाचल्यापासून वाजिद सरांच्या डोक्यातून ते जात नव्हतं. एसटीत बसल्यावर ते त्याचाच विचार करायचे. एवढा मोठा ग्रह एवढ्या जवळ कसा गेला, हे तेव्हा मोठ्या मोठ्या लोकांनाही नीट सांगता येत नव्हतं.

तर त्यांनी प्रश्न घातला. ग्रहाचं अंतर दिलं, फेरीचा काळ दिला, ताऱ्याचं वस्तुमान काढायला सांगितलं. शेवटी लिहिलं : दुसरा तारा दूर आहे, तो निग्लेक्ट करा. दुसरा तारा किती दूर, हेही त्यांनी आधी लिहिलं होतं, पण त्या एका ओळीने पेपर पुढच्या पानावर जात होता आणि कागदाच्या बाबतीत सिद्रामप्पा फार हळवे होते. ओळ काढून टाकली. प्रश्नाला मार्क चार.

टेस्ट झाली आणि दोन दिवसांत गोंधळ सुरू झाला. पोरांनी घरी सांगितलं, की पुस्तकात नसलेला ग्रह विचारला. तिसऱ्या दिवशी समोरच्या गल्लीतल्या क्लासवाल्याने पत्रक काढलं : आमच्याकडे भुताखेतांवर प्रश्न विचारले जात नाहीत. भूतप या शब्दातलं शेवटचं अक्षर त्याने सोडून दिलं होतं.

सिद्रामप्पांनी वाजिद सरांना ऑफिसात बोलावलं.

“सर, हे भूत कोण?”

“भूतप. तारकासमूहाचं नाव आहे, अप्पा. पंचांगवाल्यांनाही माहीत असतं.”

“आणि तो ग्रह? कुणी बघितलाय?”

“बघितला नाही कुणी. पण आहे.”

सिद्रामप्पांनी हातातला पेन टेबलावर आडवा ठेवला. “मी डाळीचा धंदा तीस वर्षं केला,” ते म्हणाले. “बघितला नाही पण आहे, असा माल मी कधी विकला नाही. आता क्लासमध्ये विकून राहिलो.”

ते रागात नव्हते. त्यांना फक्त नोंद करायची होती.

त्याच दुपारी लोह्याहून व्यंकटराव आले. पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल, खांद्याला पिशवी. बागायती जमिनीचे मालक, रानात दोन विहिरी, आवाज बारीक. त्यांची भाची साक्षी क्लासात होती. पहिल्या टेस्टपासून तिचा नंबर पाचाच्या आत असायचा. या टेस्टला ती नेमकी चार मार्कांनी खाली घसरली आणि बी बॅचमध्ये गेली. भूतपवाल्या प्रश्नाचं उत्तर तिने कोरं सोडलं होतं. बाकी सगळा पेपर बरोबर.

व्यंकटराव ऑफिसातल्या खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, “मला तो ग्रह दावा. दिसला तर मी उठून जातो. न्हाई दिसला तर पोरीला चार मार्क द्या.”

“तो दिसत नाही, व्यंकटराव,” वाजिद सर म्हणाले.

“मंग बसतो.”

ते बसले. संध्याकाळपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसले. कुणाशी भांडले नाहीत, कुणाला वाईट बोलले नाहीत. चहा दिला की घेत होते, नाही दिला तर मागत नव्हते. नवीन पालक चौकशीला आला की ते त्याला शांतपणे सांगायचे, “तुमच्या अगुदर मी हाय. मला ग्रह दावायचाय त्यांना.” असे दोन पालक उठून समोरच्या गल्लीत गेले. सिद्रामप्पांनी पुन्हा वाजिद सरांना बोलावलं आणि म्हणाले, “काय दाखवायचं ते दाखवा, पण आज दाखवा.”

वाजिद सरांनी साक्षीला बोलावून घेतलं. सतरा वर्षांची, सडपातळ, वेणी घट्ट घातलेली पोर. वर्गात ती कायम दाराजवळच्या बाकावर बसायची, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तिच्या हातात खडू दिला आणि तोच प्रश्न फळ्यावर सोडवायला सांगितला. साक्षीने तो सोडवला. मध्ये कुठं थांबली नाही, शेवटी उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

“मग टेस्टमध्ये का सोडलास?”

“दुसरा तारा लांब आहे म्हणून निग्लेक्ट करा असं लिहिलं होतं, सर. किती लांब ते लिहिलं नव्हतं.”

ती म्हणत होती ते खरं होतं. ती ओळ त्यांनी स्वतःच काढली होती. पण एवढ्यासाठी कुणी पोरगी चार मार्क सोडत नाही, हेही त्यांना माहीत होतं.

संध्याकाळी ते तिघं औसा रोडला गेले. तिकडं व्यंकटरावांच्या साडूचं शेत होतं. रिक्षा नाक्यावर सोडली आणि बांधाबांधाने आत चालत गेले. हरभरा निघून गेला होता, रान मोकळं होतं. शहराचा उजेड पाठीमागे राहिला. जेवायची वेळ व्हायच्या आत आकाश चांगलं काळं झालं. व्यंकटरावांनी टॉवेल अंथरला आणि त्यावर बसले. साक्षी तशीच ढेकळांत उताणी झाली, डोक्याखाली हात घेऊन. वाजिद सरांनी तिला वर्गात इतकं सैल अंगाने बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“ती बघा स्वाती,” वाजिद सरांनी पूर्वेकडे बोट केलं. “नारंगी दिसते ती.”

“स्वाती मला ठाऊक हाय. तिचा पाऊस ज्वारीला लई चांगला.”

“तिच्या थोडं वर एक पांढरा तारा आहे. त्याला लागूनच अजून एक बारीक आहे बघा. दिसला?”

व्यंकटरावांना वेळ लागला. ते डोळे बारीक करून बघत राहिले, मग टॉवेलवर आडवे झाले, मग पुन्हा बसले. “हाव,” ते शेवटी म्हणाले. “लुकलुकून राहिलाय.”

“तो ताऊ.”

“ताऊ म्हणजे चुलता न्हाई का?”

“तो हिंदीतला. हे ग्रीक अक्षर आहे.”

“आणि ग्रह?”

“त्याच्या अगदी जवळ आहे. ताऱ्याच्या उजेडात दिसत नाही.”

“आणि तो दुसरा? ज्येला निग्लेट करायचं?”

“तोही तिथंच आहे. मोठी दुर्बीण असली तर दिसतो. नुसत्या डोळ्यांनी नाही.”

व्यंकटरावांनी हिशेब केला. “म्हंजे तीनातला एक दिसतो,” ते म्हणाले. “आन मार्क तिघांचे.”

वाजिद सर मग त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांनी समजावून सांगितलं. तारा जागेवर स्थिर नसतो. थोडा आपल्याकडे येतो, थोडा लांब जातो, सव्वातीन दिवसांनी पुन्हा तसंच. तारा जवळ येताना त्याच्या उजेडाचा रंग किंचित निळ्याकडे सरकतो, लांब जाताना तांबड्याकडे. यंत्रात ते मोजता येतं. एवढ्या मोठ्या ताऱ्याला हिसका बसतो, म्हणजे हिसका देणारं काहीतरी जड त्याच्याभोवती फिरत असणार. किती जड आणि किती जवळ, ते हिसक्यावरून काढता येतं.

व्यंकटरावांनी पुन्हा वर बघितलं. “बैल दिसत न्हाई,” ते म्हणाले, “पर दावं ताणलेलं दिसतं.”

“बरोबर.”

“मंग तुमी असं सरळ का न्हाई सांगितलं? बैल दिसत न्हाई, दिसत न्हाई एवढंच म्हणून राहिलात.”



“मामा, दुसरा तारा बी ओढतो,” साक्षी जमिनीवरून म्हणाली. “पण हळू. त्याचा हिसका दिसायला माणसाचा जन्म पुरत नाही.”

“तुला कसं ठाऊक?”

“सरांनी अंतर दिलं नव्हतं. मी लायब्ररीत जाऊन बघितलं.”

व्यंकटरावांनी समाधानाने मान हलवली. ग्रह मान्य झाला होता. आता मार्कांचं बघायचं राहिलं होतं. “तर मंग सर,” ते म्हणाले, “प्रश्न तुमचा अर्धा होता, पोरीनं अंतर हुडकलं. चार मार्क द्या आन तिला ए मध्ये घ्या. लोह्यात मी सगळ्यांना सांगून बसलोय.”

“घेऊ की,” वाजिद सर म्हणाले. “सोमवारपासून ए बॅच नव्या बिल्डिंगमध्ये जाते आहे, वर्गात टेस्टच्या आधीच सांगितलंय. गोदामाला लागून बांधली ना, ती. तिसऱ्या मजल्यावर मोठा हॉल आहे. पंखे आहेत, फरशी आहे. पत्र्याखाली उन्हाळ्यात पोरं भाजून निघतात.”

व्यंकटरावांनी विचारलं, “स्लॅब हाय का वर?”

“आहे की. तीन स्लॅब.”

व्यंकटराव वळून साक्षीकडे बघू लागले. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता. ती उठून बसली आणि केसांतली माती झटकायला लागली.

“बाकीचे प्रश्न बरोबर होते, मामा,” ती म्हणाली. “ते मुद्दाम चुकवायला जीव होईना. ह्या एकात चूक होती. म्हणून हा सोडला.”

वाजिद सरांना नीट उमगायला आणखी थोडा वेळ लागला, आणि मग व्यंकटरावांनीच सांगितलं. त्यांची बहीण सिंधु किल्लारीकडच्या एका गावात दिली होती. दगडामातीचं घर, वर हातभर मातीचं माळवद. भूकंपात ते माळवद खाली आलं. सिंधु गेली, नवरा गेला. साक्षी आठ वर्षांची होती, ती आदल्या दिवशीच्या गणपतीच्या गडबडीत अंगणातल्या बाजेवर झोपी गेली होती आणि कुणी तिला उचलून आत नेलं नव्हतं, एवढंच. व्यंकटराव ट्रकमधून भाकरी घेऊन तिकडं गेले होते. ते परत आले ते भाचीला घेऊन. लोह्याचं त्यांचं घर माळवदाचंच होतं. पोर उंबऱ्याच्या आत पाय टाकेना. त्यांनी समोर पत्र्याची खोली उभी केली. पोरीसोबत मामी तिथं झोपायला लागली, मग मामीची पोरं गेली, शेवटी व्यंकटरावही गेले. मोठ्या घरात आता सोयाबीनची थप्पी लावतात. क्लास निवडायला ते लातुरात फिरले तेव्हा त्यांनी फी विचारली नव्हती, प्रत्येक ठिकाणी फक्त वर बघितलं होतं.

“मला वाटलं गेलं असेल ते आता,” व्यंकटराव म्हणाले. “लई वर्सं झाली.”

“गेलं नाही,” साक्षी म्हणाली. तिने हे असं सांगितलं, जसं एखादी पोरगी सांगते की दुकानात साखर मिळाली नाही.

नाक्यापर्यंत ते पुन्हा बांधाबांधाने चालत आले. वाजिद सरांना एकदाच वाटलं, की काहीतरी धीराचं बोलावं, पण त्यांच्याकडे तसलं तयार वाक्य नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी ते स्वतःच खोडून काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी सिद्रामप्पांनी आपला निर्णय सांगितला. वाद नको म्हणून त्या प्रश्नाचे चार मार्क सगळ्यांना. ज्यांनी बरोबर सोडवलं त्यांनाही वरून चार. सगळ्यांचे चार वाढले, त्यामुळे सगळे होते तिथंच राहिले. पालक खूश झाले. पोरं खूश झाली. साक्षी बी बॅचमध्ये, पत्र्याखाली, दाराजवळच्या बाकावर राहिली. व्यंकटराव लोह्याला गेले आणि तिथं त्यांनी सांगितलं, की बी म्हणजे दुसरी नव्हे, बी म्हणजे वेगळी.

वाजिद सर सिद्रामप्पांकडे गेले आणि म्हणाले, “मला बी बॅच द्या.”

“तुम्ही ए चे सर. तुमचा फोटो छापलाय.”

“फोटो वर राहू द्या. मी खाली शिकवतो.”

सिद्रामप्पांनी कारण विचारलं. जिना चढून गुडघे दुखतात, असं वाजिद सरांनी सांगितलं. ते तेव्हा चाळीसचेही नव्हते. सिद्रामप्पांनी त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि मान्य केलं. दिवाळीपर्यंत असं झालं, की ए मधल्या पोरांचे पालक येऊन म्हणायला लागले, आमच्या पोराला खाली टाका, फिजिक्स खाली चांगलं आहे. सिद्रामप्पांनी वाटाघाटी केल्या नाहीत. त्यांनी पाटी बदलली. खालच्या वर्गाला ए-वन म्हणायला लागले आणि वरच्याला ए-प्लस. बी नावाची बॅच लातुरातून त्या वर्षी नाहीशी झाली.

पण खरी अडचण पुढं होती आणि ती वाजिद सरांना हिवाळ्यात सुचली. सीईटीचं सेंटर कुठंही येऊ शकतं. बोर्डाच्या परीक्षेचंही. लातुरातली सगळी कॉलेजं स्लॅबची होती. पोरगी तीन तास वर छताकडे बघत बसली, तर तिला फिजिक्स येऊन काय उपयोग. त्यांनी साक्षीला विचारलं. ती म्हणाली, दहावीची परीक्षा गावच्या शाळेत पत्र्याच्या वर्गात झाली, सीईटीचा विचार तिने केलेला नाही. नंतर म्हणाली, केलाय, पण कुणाला सांगितला नाही.

मग रविवारी सकाळी नवी बिल्डिंग रिकामी असायची तेव्हा ते वर जायला लागले. वाजिद सरांनी त्यासाठी नांदेडला जाणं एका आठवड्याआड केलं. वहिदाने कारण विचारलं, त्यांनी खरं सांगितलं, आणि ती म्हणाली, मग आठवड्याआड तरी कशाला येता. पहिल्या रविवारी व्यंकटरावही आले होते. ते एकटेच पुढं गेले, तिसऱ्या मजल्याच्या हॉलमध्ये मधोमध उभे राहिले आणि त्यांनी जमिनीवर दोन-तीनदा दणादण पाय आपटले. मग जिन्यात येऊन खाली हाक दिली, “पक्की हाय.” साक्षी पहिल्या मजल्यापर्यंत आली आणि परत खाली गेली. तिच्या हाताला घाम सुटला होता, तो तिने ओढणीला पुसला.

पुढच्या वेळी ती दुसऱ्यापर्यंत आली. त्याच्या पुढच्या वेळी तिसऱ्या मजल्याच्या दारात. दारात तिला खुर्ची ठेवली. आता तिथं नुसतं बसून काय करायचं हा प्रश्न होता. साधी उदाहरणं ती चटचट सोडवायची आणि मान वर करायची. वाजिद सरांना एक गोष्ट सुचली. त्यांनी फळ्यावर ताऊचा प्रश्न पुन्हा लिहिला, सगळ्या अंतरांसकट, आणि शेवटची ओळ पुसून टाकली.

“आता दुसरा तारा निग्लेक्ट करायचा नाही,” ते म्हणाले. “ग्रहावर त्याचा काय परिणाम होतो, काढ.”

“हे सिलॅबसमध्ये नाही, सर.”

“नाही.”

“याचं नेमकं उत्तर निघतं का?”

“नेमकं नाही निघत. तिघांचं एकदम कुणालाच नीट सोडवता आलेलं नाही. थोडं थोडं करत पुढं जावं लागतं. आधी हा थोडा सरकव, मग तो, मग पुन्हा हा.”

साक्षीने खडू घेतला. दारात उभं राहून फळा लांब पडत होता, म्हणून ती एक पाऊल आत आली. ग्रह थोडा सरकला, तारा थोडा सरकला, दुसरा तारा जवळजवळ सरकलाच नाही. पुन्हा पहिल्यापासून. आकडे लांबत गेले, फळा भरला, तिने अर्धा पुसला. वाजिद सर मागच्या बाकावर बसून पेपर वाचत होते, निदान तसं दाखवत होते. त्या सकाळी तिने वर बघितलं ते तीन-चार वेळा. एकदा खाली रस्त्यावर ट्रक गेला आणि खिडकीची काच थरथरली, तेव्हा ती खडू टाकून जिन्यात पळाली. वाजिद सर पेपर वाचत राहिले. थोड्या वेळाने ती परत आली, खडू शोधला, तो तुटला होता, दुसरा घेतला.

असे किती रविवार गेले, कुणी मोजले नाहीत. दुसऱ्या ताऱ्याचा परिणाम इतका बारीक निघाला, की तो निग्लेक्ट करणंच योग्य होतं, हे तिनेच शेवटी सिद्ध केलं. वाजिद सरांना त्याचा आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं, कारण आता रविवारी पुरेल असं दुसरं काहीतरी शोधावं लागणार होतं. त्यांनी ग्रहाचं अंतर बदललं आणि पुन्हा सुरू करायला सांगितलं. ती हसली, पण तिने सुरू केलं.

बोर्डाची परीक्षा तळमजल्यावर कशीबशी पार पडली, पण सीईटीचं सेंटर एका कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर आलं. व्यंकटराव पहाटेच्या गाडीने आले होते. गेटपाशी पालकांची ही गर्दी. कुणी अंगारा लावत होतं, कुणी दही खाऊ घालत होतं. व्यंकटरावांनी काही केलं नाही. ते फक्त बिल्डिंगकडे बघत होते. साक्षी गेटच्या आत गेली, वळली नाही. जिन्याच्या वळणावर तिची वेणी दिसली आणि मग दिसली नाही.

“सर,” व्यंकटराव म्हणाले, “ही बिल्डिंग मी तपासली न्हाई.”

“मी तपासली,” वाजिद सर म्हणाले. त्यांनी खरोखर आदल्या दिवशी येऊन तपासली होती. पाय आपटले होते. शिपायाने विचारलं होतं, काय करून राहिले साहेब, तर ते म्हणाले होते, फिजिक्स.

पेपर सुटल्यावर पोरं लोंढ्याने बाहेर पडली. साक्षी उशिरा आली. चेहरा पांढरा पडला होता. ती येऊन कट्ट्यावर बसली आणि पाणी प्यायली. पहिला अर्धा तास तिला काहीच वाचता आलं नव्हतं, ती म्हणाली. नंतर वाचता आलं. मामाने विचारलं, कितीचं जमलं? ती म्हणाली, अर्ध्या तासाचं सोडून सगळं.

तो अर्धा तास वाया गेला नसता तर तिला मुंबई-पुण्याला मेडिकलची सीट मिळाली असती, असं लातुरातले लोक म्हणायचे. तिला नांदेडला मिळाली. व्यंकटरावांना तेच बरं वाटलं, लोहा तिथून जवळ. कॉलेजचं मुलींचं होस्टेल चार मजली होतं. वाजिद सरांनी वहिदाला विचारलं, आणि दुकानामागची खालची खोली, जिच्यावर अजून पत्रा होता, ती साक्षीला दिली. खोलीत अत्तराच्या पेट्या ठेवलेल्या असायच्या. डिसेक्शन करून आल्यावर ती खोली फार चांगली वाटते, असं ती म्हणायची. वहिदाने तिला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, की या घरात चहाला चांगली बशी मागायची नाही, जी हाताला लागेल ती घ्यायची.

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत साक्षी अभ्यासाला मैत्रिणीकडे होस्टेलवर राहते, असं म्हणून गेली. चार दिवस झाले, आठ झाले, महिना होत आला. कपडे घ्यायला यायची, जायची. वहिदा एक दिवस डबा घेऊन होस्टेलवर गेली. खाली चौकीदारणीने रजिस्टर बघून सांगितलं, तिसरा मजला, कोपऱ्याची खोली, स्वतःच्या नावावर घेतलीय, महिना झाला. वहिदा जिना चढून वर गेली. खोलीचं दार उघडं होतं. साक्षी भिंतीला टेकून, पाय पसरून, पुस्तक छातीवर ठेवून झोपली होती, भर दुपारी, पंख्याखाली. वहिदाने डबा टेबलावर ठेवला, तिला उठवलं नाही, आणि थोडा वेळ तिथल्या खुर्चीवर बसली. कारण तीन मजले चढून एकदम उतरणं शक्य नव्हतं.

शनिवारी वाजिद सर लातूरहून आले तेव्हा वहिदाने त्यांना दारातच सांगितलं.

“लडकी तिसरे माले पे रह रई. हमकू बोली तक नई.”

वाजिद सर पायातले बूट काढत होते, ते एका बुटावर थांबले. “सोई थी?” त्यांनी विचारलं.

“घोडे बेच के. अब डब्बा कौन पोंचाएगा वो तुम देखो. मेरे घुटने नई चलते.”

वाजिद सरांनी काढलेला बूट परत पायात घातला. डबा भरलेला होताच. तो घेऊन ते निघाले.